तळ्याचे गणित बिघडते तेव्हा

अमेरिकेतल्या उपनगरांत मोठ्या दुकानांच्या मागे किंवा नव्या वसाहतीच्या उतारावर हमखास एक गवताळ खोलगट जागा दिसते. बहुतेक दिवस ती कोरडी असते, नाहीतर तळाशी थोडे पाणी असते. कोपऱ्यात काँक्रीटची एक उभी पेटी असते. तिच्या अंगाला तळहाताएवढे भोक, त्याच्या वर एक खाच आणि माथ्यावर लोखंडी जाळी. मोटार नाही, दरवाजा नाही, राखणदारही नाही. तरी मुसळधार पाऊस लागला की छपरांवरून आणि डांबरी वाहनतळांवरून धावत आलेले पाणी ही जागा अडवते आणि खालच्या नाल्याला सोसेल अशा बेताने सोडत राहते. अभियंते हिला डिटेन्शन पॉन्ड म्हणतात. एकही हलता भाग नसलेले हे यंत्र स्वतःच स्वतःला आवरते, ही मला स्थापत्यशास्त्रातली अत्यंत सुंदर गोष्ट वाटते.

या तळ्यांमागचा नियम साधा आहे. जमिनीवर बांधकाम झाल्यावर तिथून निघणाऱ्या पाण्याचा सर्वोच्च विसर्ग बांधकामाआधी होता त्याहून वाढता कामा नये. तो वाढत नाही हे कागदावर सिद्ध करायला सॉफ्टवेअर लागते. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी १९६९ ते १९७१ या काळात तयार झालेले ‘स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल’ (अभियंत्यांच्या तोंडी ‘स्विम’) आजही मोफत मिळते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचे जलविज्ञान केंद्र आहे, त्याचे ‘हेक-एचएमएस’ आहे. ‘हायड्रोकॅड’ आणि ‘पाँडपॅक’ ही खासगी सॉफ्टवेअर तर सल्लागारांच्या रोजच्या वापरातली. सगळ्यांचे काम एकच: पाऊस घ्यायचा, त्याचे वाहते पाणी करायचे, ते तळ्यात सोडायचे आणि बाहेर किती, केव्हा पडते ते सांगायचे.

आणि कधी कधी उत्तर साफ चुकीचे येते. तळे रिकामे राहते, किंवा काठावरून ओसंडते, किंवा बाहेरचा विसर्ग आत येणाऱ्या पाण्याहून जास्त दिसतो. अशा वेळी पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. पण दशकानुदशके वापरात असलेली ही साधने बेरीज-गुणाकारात क्वचितच चुकतात. चुकते ते आपण त्यांना सांगितलेले. म्हणूनच या चुका शोधणे हे जलविज्ञान शिकण्याचे फार चांगले साधन आहे. प्रत्येक चुकीमागे पाण्याचा एखादा खरा स्वभाव असतो, आणि तो कळल्याशिवाय ती सापडत नाही.

शोधाची सुरुवात एकूण पाण्यापासून करावी. बहुतेक जण आधी सर्वोच्च विसर्गाचा आकडा पाहतात, कारण मंजुरी त्यावर मिळते. पण तो आकडा शेवटचा असतो. वाटेतली प्रत्येक चूक त्याच्यात मिसळलेली असते. किती पाणी आले, किती गेले, किती उरले हा हिशेब त्या मानाने स्वच्छ असतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे गावकरी पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. अमेरिकेतल्या पन्नास फुटी तळ्यालाही तोच ताळेबंद लागू आहे, फक्त तिथे तो वर्षाऐवजी मिनिटामिनिटाला मांडला जातो.

या ताळेबंदातली जमेची बाजू बिघडते ती बहुधा कर्व्ह नंबरमुळे. पावसातले किती पाणी जमिनीत मुरेल आणि किती वाहून जाईल हे सांगणारी ही पद्धत अमेरिकेच्या मृदा संधारण सेवेने १९५०च्या दशकात शेतीच्या पाणलोटांसाठी बसवली. त्यात व्हिक्टर मॉकस यांचा मोठा वाटा होता. जमिनीला शंभरपर्यंतचा एक क्रमांक द्यायचा. डांबर किंवा काँक्रीटला ९८, मध्यम निचऱ्याच्या मातीवरच्या चांगल्या हिरवळीला ६१. त्यावरून जमिनीची पाणी धरण्याची क्षमता निघते. त्या क्षमतेच्या एक पंचमांशाइतका पाऊस सुरुवातीलाच जिरतो असे धरतात आणि उरलेल्यातून अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पाणी, काढतात.

आता १ हेक्टरचा भूखंड घेऊ, अर्धा डांबरी आणि अर्धा हिरवळीचा. ५० मिलिमीटर पाऊस पडला. सूत्राने डांबरी भागावरून ४४.३ मिलिमीटर पाणी वाहते, हिरवळीवरून अवघे १.७. दोन्ही भाग सारखे, म्हणून सरासरी २३ मिलिमीटर, म्हणजे २३० घनमीटर पाणी. पण घाईत असलेला अभियंता ९८ आणि ६१ यांचीच सरासरी काढतो आणि संपूर्ण भूखंडाला ७९.५ हा एक क्रमांक देऊन टाकतो. त्याच सूत्राने, त्याच पावसात आता १३.३ मिलिमीटर निघतात. एकूण १३३ घनमीटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ दहा टँकर पाणी कागदावरून नाहीसे झाले, आणि दोन्ही वेळा सॉफ्टवेअरचे गणित बरोबर होते!

कारण असे की पाऊस आणि अपधाव यांचे नाते सरळ रेषेत नाही. क्रमांकांची सरासरी घेताना आपण डांबराला हिरवळीची तहान उसनी देतो. जोराच्या, मोठ्या पावसात हा फरक टक्केवारीने कमी होत जातो, लहान पावसात तो भयंकर वाढतो. म्हणून शंभर वर्षांच्या वादळाला मॉडेल ठीक चालते आणि दोन वर्षांच्या पावसाला विचित्र उत्तर देते, अशी तक्रार आली की पहिल्यांदा इथे पाहावे. डांबरावरचे पाणी थेट नळीत जात असेल तर दोन भाग वेगळेच ठेवावे लागतात; ते आधी हिरवळीवरून पसरत जात असेल तर एकत्र धरण्याला काही आधार आहे. ही वस्तुस्थिती जागेवर जाऊनच कळते.

पाण्याचे प्रमाण बरोबर असूनही त्याची वेळ चुकू शकते. मृदा संधारण सेवेच्या एकक जलालेखात, म्हणजे पाणी वेळेनुसार कसे चढते-उतरते ते दाखवणाऱ्या प्रमाणित आलेखात, ४८४ हा एक आकडा बसलेला आहे. एकूण पाण्यापैकी तीन अष्टमांश पाणी सर्वोच्च विसर्गाच्या आधी येते, या गृहीतकातून तो आला. डेलावेअर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया यांच्यात विभागलेल्या डेलमार्वा या सपाट द्वीपकल्पावर पाणी इतक्या घाईने वाहत नाही असे निरीक्षणातून दिसले, आणि तिथल्यासाठी हा आकडा २८४ ठरला. तिथल्या एखाद्या प्रकल्पात मूळचा ४८४ तसाच राहिला तर तेवढेच पाणी सुमारे १.७ पट उंच शिखर घेऊन तळ्यावर आदळते. उलट दिशेची चूकही तितकीच होते: जमिनीवर पातळ थराने पाणी पसरत जाण्याचे अंतर लांबलचक धरले की पाणी पोचायला लागणारा वेळ वाढतो आणि शिखर खोटेच बुटके होते. अमेरिकी सरकारी पद्धतीत हे अंतर पूर्वी ३०० फुटांपर्यंत धरत. नंतर ते १०० फुटांवर आणले गेले, कारण त्यापुढे पाणी बारीक ओघळ करून धावू लागते.

इथे हाताने करायची एक पडताळणी इतकी सोपी आहे की ती न करण्याला सबब नाही. १ एकरावर तासाला १ इंच या वेगाने पाऊस पडत असेल आणि सगळाच्या सगळा वाहून जात असेल तर विसर्ग १.००८ क्युसेक होतो, म्हणजे जवळजवळ नेमका एक. आपल्या मापात १ हेक्टरवर तासाला १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सेकंदाला ०.२७८ घनमीटर, साधारण १० क्युसेक. लहान भूखंडाचा विसर्ग या कमाल मर्यादेच्या वर जाऊच शकत नाही. मॉडेल १ हेक्टरातून १५ क्युसेक दाखवत असेल आणि पावसाचा जोर तासाला १०० मिलिमीटरच असेल, तर पुढचे काही तपासण्याआधी क्षेत्रफळाचे एकक पाहावे. आयर्लंडचे थॉमस मुल्वानी यांनी १८५१ मध्ये आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचे एमिल कुइक्लिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेली रॅशनल पद्धत याच नात्यावर उभी आहे.

पाऊसच जुना असणे, ही चूक सर्वांत शांत. सॉफ्टवेअर तिच्याबद्दल कधीही इशारा देत नाही. अमेरिकेत अनेक दशके १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशांवरून तळी आखली गेली. २००४ पासून त्यांची जागा ‘ॲटलास १४’ हे नवे संकलन एकेका प्रदेशासाठी घेत गेले. टेक्सासचा खंड २०१८ मध्ये आला, हार्वी वादळानंतर एका वर्षाने. त्या वादळात नेदरलँड या टेक्सासमधल्या गावी ६०.५८ इंच, म्हणजे १५३८ मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला होता. नव्या खंडात ह्यूस्टनचा चोवीस तासांचा शतवार्षिक पाऊस, म्हणजे कुठल्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेला पाऊस, सुमारे १३ इंचांवरून १८ इंचांवर गेला. जुन्या फायलीची नक्कल करून नवे तळे आखणाऱ्याच्या मॉडेलमध्ये बाकी सगळे निर्दोष असले तरी ते तळे लहानच राहते.

आता तळ्याकडे. सॉफ्टवेअरला तळे दिसत नाही. त्याला दिसतो तो एक तक्ता, कुठल्या पातळीला किती जागा याचा. ‘स्विम’मध्ये या तक्त्यात तळापासूनची खोली आणि त्या खोलीवरचे पृष्ठफळ द्यायचे असते. तिथे कोणी घनफळ टाइप केले, किंवा खोलीच्या जागी समुद्रसपाटीपासूनची पातळी लिहिली, तरी मॉडेल चालते. उत्तर मात्र अर्थहीन येते. भोकाची आणि खाचेची उंचीही त्यात दोन प्रकारे देता येते: तळापासून किंवा समुद्रसपाटीपासून. फायलीत एक पर्याय निवडलेला आणि आकडे दुसऱ्या पर्यायाचे, हा गोंधळ अनुभवी माणसांच्या हातूनही होतो.

दोन पातळ्यांमधले घनफळ काढण्याच्या रीतीतही सापळा आहे. तळ टोकदार आणि वर १,००० चौरस मीटर, अशी २ मीटर खोल शंकूच्या आकाराची जागा असेल तर वरच्या-खालच्या पृष्ठफळांची सरासरी घेऊन १,००० घनमीटर येतात. शंकूच्या सूत्राने येतात ६६७. मधल्या समोच्च रेषा जास्त दिल्या की दोन्ही उत्तरे जवळ येतात, म्हणून दोनच ओळींचा तक्ता दिसला की तो संशयास्पद समजावा.

मृत साठा हा शब्द महाराष्ट्रात उन्हाळ्यातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात असतो, आणि इथेही तोच मुद्दा आहे. पाणी कायम ठेवणाऱ्या तळ्यात सर्वांत खालच्या भोकाच्या खालची जागा आधीच भरलेली असते. वादळाची सुरुवात रिकाम्या तळापासून धरली तर सॉफ्टवेअर तो खड्डा आधी भरते आणि बाहेरचा विसर्ग खूपच कमी दाखवते. सुरुवातीची पातळी भोकाच्या तळाशी ठेवणे ही एका आकड्याची दुरुस्ती आहे, पण तिच्यावाचून सगळा अहवाल फोल ठरतो. पातळ्या मोजण्याचा पायाही तपासावा. अमेरिकेत १९२९ आणि १९८८ असे दोन उंचीसंदर्भ वापरात राहिले; पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात काही ठिकाणी त्यांच्यात एक मीटरहून जास्त फरक आहे. तळ्याचे सर्वेक्षण एका पायावर आणि खालच्या नाल्याची पूररेषा दुसऱ्यावर, असे झाले तर तळे कागदावर हवेत तरंगते किंवा पुरात बुडते.

बाहेर पडण्याच्या वाटेवर पाण्याचे दोन नियम चालतात. भोकातून जाणारा विसर्ग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाने वाढतो, खाचेवरून जाणारा उंचीच्या दीड घाताने. म्हणूनच भोक लहान पावसाला ताणून धरते आणि खाच मोठ्या पावसात झपाट्याने मोकळी होते. यंत्राविना चालणारी ही सगळी अक्कल त्या दोन घातांमध्ये आहे. खाचेच्या सूत्रात एक गुणांक असतो. धारदार कडेच्या बांधासाठी फुटांच्या पद्धतीत तो ३.३३ आणि मीटरच्या पद्धतीत सुमारे १.८४. दोन्हींचे गुणोत्तर १.८१ येते, आणि ते ३.२८ चे, म्हणजे एका मीटरमधल्या फुटांच्या संख्येचे, वर्गमूळ आहे. अमेरिकी पुस्तकातला ३.३३ मीटरच्या मॉडेलमध्ये तसाच टाकला की खाच ८१ टक्के जास्त पाणी सोडते, तळ्यातली पातळी कमी दिसते आणि बांध नको इतका बुटका आखला जातो.

पेटीची रचना सांगतानाही घोटाळा होतो. भोक, खाच आणि जाळी या तिन्हींतून आलेले पाणी शेवटी पेटीच्या तळाच्या एकाच नळीतून बाहेर जाते. म्हणजे तिन्हींच्या बेरजेवर नळीची मर्यादा आहे. सॉफ्टवेअरला मात्र चारही वाटा स्वतंत्र, एकमेकींशेजारी असल्याचे सांगितले तर ते सगळ्यांचा विसर्ग मिळवते. मोठ्या पावसात तळे संशय यावा इतके सहज रिकामे होत असेल तर ही जोडणी पाहावी.

आता मला सर्वांत आवडणारी पडताळणी सांगतो. तळ्यात येणाऱ्या पाण्याचा आलेख आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा आलेख एकाच कागदावर काढा. येवा विसर्गाहून जास्त आहे तोवर पातळी चढते. पातळी चढते म्हणून विसर्ग वाढतो. ज्या क्षणी दोन्ही सारखे होतात त्या क्षणी पातळी चढायची थांबते, म्हणजे विसर्गही त्याच क्षणी सर्वोच्च असतो. त्यामुळे विसर्गाचे शिखर येव्याच्या उतरत्या रेषेवर नेमके बसलेच पाहिजे. शिखरापर्यंत दोन रेषांमध्ये अडकलेले क्षेत्र म्हणजे तळ्यात साठलेले जास्तीत जास्त पाणी. ही गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मर्जीवर नाही; सपाट पृष्ठभागाच्या आणि मोकळ्या निचऱ्याच्या प्रत्येक तळ्याला ती पाळावी लागते. शिखर येव्याच्या रेषेपासून सुटलेले दिसले तर चूक आहे, किंवा एखादी वाट बेरजेत धरायची राहिली आहे, किंवा खालून पाण्याचा फुगवटा येतो आहे.

हा फुगवटा मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आणि ओहोटीसाठी आखलेली होती. भरतीच्या वेळी समुद्र मुखाशी उभा राहतो आणि वाहिन्यांतले पाणी मागे दाबतो. हिंदमाता परिसरातले पाणी धरून ठेवायला महापालिकेने जवळच्या मैदानांखाली भूमिगत टाक्या बांधल्या, त्यामागे हेच कारण आहे. मॉडेलमध्ये नळीचे टोक मोकळे असल्याचे गृहीत धरणे म्हणजे कायमची ओहोटी गृहीत धरणे. अमेरिकेत समुद्राच्या जागी बहुधा खालचे दुसरे तळे किंवा तुडुंब नाला असतो, परिणाम तोच.

वेळेच्या टप्प्याची गोष्टही अशीच. अमेरिकेच्या बऱ्याच भागांसाठी वापरल्या गेलेल्या ‘टाइप टू’ या प्रमाणित वादळात चोवीस तासांच्या पावसापैकी ३८ टक्के पाऊस साडेअकरा ते बारा या एका अर्ध्या तासात पडतो. मॉडेलचा टप्पा एक तासाचा असेल तर हा तडाखा त्यात विरघळून जातो. तळ्यातून पाणी पुढे नेण्याची रीत १९२८ मध्ये लष्करी अभियांत्रिकी विभागातल्या पुल्स यांनी मांडली आणि तिचे सुधारित रूप आजही वापरतात. त्यातही लहान तळ्याला मोठी वाट असली आणि टप्पा लांब असला की विसर्ग करवतीच्या दात्यांसारखा वरखाली उड्या मारतो. टप्पा निम्मा करून पुन्हा चालवावे. उत्तर बदलले नाही तर टप्पा पुरेसा आहे. बदलले तर पुन्हा निम्मा करावा. ‘स्विम’ प्रत्येक वेळी ताळेबंदातली तूट टक्क्यांत छापते. ती दहाच्या वर गेली तर निकाल वापरण्याजोगे आहेत का याची शंका घ्यावी, असे त्याच्या माहितीपुस्तकातच म्हटले आहे. पण तूट शून्य आली म्हणून मॉडेल खरे ठरत नाही. चुकीच्या पावसाचाही ताळेबंद बिनचूक जुळतो.

प्रत्येक विचित्र उत्तर चूकच असते असेही नाही. तळे पाण्याचे शिखर उशिरा सोडते. ते उशिराचे शिखर खालच्या नाल्यात वरून येणाऱ्या मोठ्या पुराच्या शिखराशी जुळले, तर तळे बांधल्यावर खालचा पूर वाढू शकतो. मॉडेल असे दाखवत असेल तर ते दडपून टाकू नये. तळ्याची जागा किंवा भोकाचा आकार बदलण्याचा तो इशारा आहे.

दोष सापडेना तेव्हा मॉडेल सोपे करत जावे. पाऊस काढून टाकून तळ्यात सतत एकच विसर्ग सोडावा; काही वेळाने बाहेरही नेमका तेवढाच यायला हवा. मग एकच भोक ठेवून हाताने काढलेल्या आकड्याशी ताडावे. मग खाच, मग नळी, मग खरा पाऊस. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. घाईत चार गोष्टी बदलून उत्तर ‘बरे’ आले तर कुठल्या दोन चुकांनी एकमेकींना झाकले ते कधीच कळत नाही.

या सगळ्यानंतरही एक साक्षीदार उरतो, तो म्हणजे बांधून झालेले तळे. अशा तळ्यांची देखभाल किंवा मंजुरी ज्यांच्याकडे आहे त्यांना एक विनंती आहे. काँक्रीटच्या पेटीवर सेंटिमीटरच्या खुणांची एक पातळीपट्टी रंगवून घ्या. पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठवर चढले ते वेळेसह टिपा, त्या दिवसाचा जवळच्या पर्जन्यमापकाचा आकडा जोडा, आणि हे पान मॉडेलच्या फायलीत ठेवा. पुढचे तळे आखणाऱ्याला त्याहून उपयोगाचे काहीही तुम्ही देऊ शकणार नाही.